अल्हम्ब्राची रात्र आणि फराहबागेचा कोरडा तलाव

१/
स्पेनमधील ग्रानाडा शहरात अल्हम्ब्रा नावाचा मूरांचा राजवाडा आहे. तिथल्या सायंकालीन फेरीची चित्रफीत हल्ली दर पंधरवड्याला कुणी ना कुणी पाठवतेच. मंद दिवे, हौदात थरथरणारे कमानींचे प्रतिबिंब, मागे गिटार. आणि खाली एक ठरलेली मराठी प्रतिक्रिया : "आपल्याकडे असे काही का नाही?"

हा दीर्घ धागा त्या प्रतिक्रियेविरुद्ध आहे. प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो विचारण्यामागची बेफिकिरी आपल्याला महागात पडते आहे. उत्तर शोधण्यासाठी आधी ग्रानाडाला जाऊ, मग त्र्यंबकेश्वरी परत येऊ. हा वळसा लांबचा वाटेल, पण त्याला कारण आहे.

२/
रात्रीच्या फेरीत अल्हम्ब्रात नेमके दिसते काय? मोठ्या चौकात सुमारे ३४ मीटर लांबीचा एक शांत हौद, दोन्ही कडांना मेंदीसारखी कातरलेली झुडपे, आणि पाण्यात उलटा उभा असलेला कोमारेसचा बुरूज. पुढे सिंहांचा चौक : बारा दगडी सिंहांच्या पाठीवर कारंज्याचे पात्र, आणि तिथून चार दिशांना गेलेल्या अरुंद दगडी पन्हळी. टेकडीच्या वरच्या अंगाला हेनेरालिफेची बाग. तिच्या मुख्य चौकाचे नावच 'पाटाचा चौक' असे आहे.

हे सारे नासरी घराण्याचे. घराण्याचा मूळपुरुष १२३८ मध्ये ग्रानाडात आला. सिंहांचा चौक चौदाव्या शतकातल्या पाचव्या मुहम्मदाचा.

३/
पाहणारा दिव्यांवर भुलतो. पण दिवे कालचे आहेत. राजवाड्याचा जीव आहे पाणी, आणि ते पाणी टेकडीवर उगवत नाही. दार्रो नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे सहा किलोमीटरवर बांध घालून एक पाट काढला, डोंगराच्या कुशीतून उताराचा हिशेब सांभाळत तो टेकडीवर आणला, आणि तिथून हौद, हमाम, बाग, मशीद, घरे असे त्याचे वाटप केले. पंप नाही, रहाटांची रांग नाही. मुख्य आधार उताराचा. या पाटाला स्पॅनिशमध्ये 'आसेकिया' म्हणतात आणि तो शब्द अरबी 'साकिया'वरून आला आहे. आपला 'हौद'ही अरबी 'हौज'वरूनच आला. दोन टोकांच्या दोन भाषांनी पाण्याचे शब्द एकाच घरून उसने घेतले, ही गोष्ट लक्षात असू द्या.

४/
आता थोडी निराशा करतो. हेनेरालिफेच्या चौकात दोन्ही बाजूंनी कमानीसारख्या उडणाऱ्या ज्या धारांसमोर प्रत्येक जण छायाचित्र काढतो, त्या मूरांच्या नाहीत; नंतरच्या काळातील भर आहे. १९५८ च्या आगीनंतर तिथे उत्खनन झाले, तेव्हा मूळ बाग आजच्या पातळीच्या खाली सापडली. आसपासच्या बागांचा मोठा भाग विसाव्या शतकात आखलेला आहे. सिंहांच्या चौकातील एका मंडपावर १८५९ मध्ये 'पौर्वात्य' दिसावा म्हणून एक रंगीत घुमट बसवला होता. लेओपोल्दो तोर्रेस बाल्बास या वास्तुतज्ज्ञाने १९३४ मध्ये तो उतरवला. लोकांना घुमट आवडत होता. त्याने उतरवला, कारण तो खोटा होता.

जतन म्हणजे सजावट, असे मानणाऱ्या आपल्याकडील प्रत्येक समितीच्या बैठकीआधी हा प्रसंग मोठ्याने वाचावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

५/
"त्यांना पहिल्यापासून कदर होती हो!" हे दुसरे ठरलेले वाक्य. अजिबात नव्हती.

२ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर सोडले. पाचव्या कार्लोसने १५२७ पासून त्याच आवारात आपला भलामोठा चौकोनी राजवाडा घुसवला. पुढच्या शतकांत मूरांचे महाल ओस पडले. तिथे सैनिक राहिले, भटके राहिले, गरिबांनी चुली मांडल्या. १८१२ मध्ये माघार घेताना नेपोलियनच्या फौजेने काही बुरूज सुरुंगाने उडवले. १८२९ मध्ये वॉशिंग्टन आयर्विंग हा अमेरिकन लेखक तिथे येऊन राहिला, तेव्हा तो अर्धवट पडक्या वास्तूत मुक्कामाला होता. तिकीट काढून येणाऱ्या पाहुण्यासारखी त्याची बडदास्त नव्हती. राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषणा झाली १८७० मध्ये, युनेस्कोची मान्यता १९८४ मध्ये.

म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षांची हेळसांड आणि मग दीडशे वर्षांची चिकाटी. कदर ही रक्तात नसते. कुणीतरी सुरू करावी लागते.

६/
आणि स्पेनला संत ठरवण्याचेही कारण नाही. ग्रानाडा घेताना पराभूतांना दिलेली धर्मस्वातंत्र्याची वचने दशकभरात मोडली गेली. अरबी ग्रंथांची चौकात होळी झाली. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मूरांच्या वंशजांना १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर काढण्यात आले. राजवाडा ठेवला आणि तो बांधणाऱ्यांची नातवंडे हाकलली. रात्रीच्या फेरीत हे ऐकू येतेच असे नाही.

तेव्हा "स्पेनकडून शिका" असे मी सरसकट म्हणणार नाही. कशाकडून शिकायचे आणि कशाला घाबरायचे, हे वेगवेगळे करावे लागते.

७/
आता त्र्यंबक.

१६३६ मध्ये शहाजीराजांनी माहुलीच्या पायथ्याशी मोगल आणि आदिलशाही फौजांसमोर निजामशाहीचा डाव आवरता घेतला. तहात जे किल्ले मोगलांच्या हवाली करायचे ठरले त्यांत जुन्नर, जीवधन, चावंड, हरिश्चंद्रगड, हडसर, त्रिंगलवाडी यांच्यासोबत एक नाव आहे : त्र्यंबक. ज्या ब्रह्मगिरीच्या कड्यातून गोदावरी निघते, तोच हा डोंगर. ज्योतिर्लिंगाच्या माथ्यावर उभा असलेला हाच तो गड.

निजामशाही जिवंत ठेवण्याची शेवटची झुंज एका मराठा सरदाराने दिली. वंशातले एक लहान मूल गादीवर बसवून त्याने तीन वर्षे राज्य चालवले, आणि त्या राज्याच्या अखेरच्या किल्ल्यांत त्र्यंबक होता. 'निजामशाही' हा शब्द उच्चारताच ज्यांच्या कपाळावर आठी पडते, त्यांनी ही यादी एकदा नीट वाचावी.

८/
कोण होते हे निजामशाह? संस्थापक अहमद याचा बाप मलिक हसन. फिरिश्ता हा इतिहासकार अहमदनगरच्या दरबारात वावरलेला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण कुटुंबातला. विजयनगरच्या मोहिमेत लहानपणी पकडला गेलेला, आणि घराण्याचे मूळ पाथरीचे. पाथरी म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातली. पुढे या घराण्याने पाथरी मिळवण्यासाठी लढायाही केल्या. अहमदने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला त्या जागी शहर वसवले : अहमदनगर, आता अधिकृत नाव अहिल्यानगर.

मालोजी भोसले याच दरबारचे चाकर. शहाजी आणि शरीफजी ही दोन्ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, अशी परंपरा आहे. या राज्याला 'परके' म्हणायचे असेल तर आपल्या इतिहासाचा पहिला अध्याय फाडून टाकावा लागतो. पुस्तक मग दुसऱ्या अध्यायापासून वाचा. पात्रे कुठून आली ते कळणार नाही.

९/
"पण विषय मूरांच्या राजवाड्याचा होता ना?" होता, आणि आहे.

पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांनी इथल्या मुसलमानांना कोणते नाव दिले? 'मोउरो'. म्हणजे मूर. इबेरियात ज्यांच्याशी शतकानुशतके झुंजले त्यांचेच नाव त्यांनी चौल, दाभोळ, गोवा सगळीकडे चिकटवले. पोर्तुगीज कागदांत अहमदनगरचा सुलतान हा मूर आहे. त्या अर्थाने मूरांचा राजवाडा पाहायला व्हिसा लागत नाही. नाशिकहून सिन्नर, संगमनेरच्या वाटेने निघालात तर दिवसाच्या प्रवासात होतो.

१०/
या दोन 'मूर' जगांना जोडणारा एक हाडामासाचा माणूसही आहे. गार्सिया द ओर्ता.

३१ मार्च १४९२ रोजी अल्हम्ब्रातच एका फर्मानावर सह्या झाल्या : स्पेनमधील सर्व यहुद्यांनी धर्म बदलावा नाहीतर देश सोडावा. ज्यांनी देश सोडला त्यांत ओर्ताचे आईबाप होते. ते पोर्तुगालच्या सीमेवरील गावात आले. तिथेही पाच वर्षांत सक्तीचे धर्मांतर पदरी पडले. मुलगा वैद्य झाला, १५३४ मध्ये गोव्यात उतरला, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य आणि स्नेही बनला. त्याने भारतीय औषधींवर लिहिलेला संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात हा 'निजामलूक' वारंवार भेटतो.

अल्हम्ब्रातील फर्मानाने बेघर केलेल्या घरातला मुलगा अहमदनगरच्या सुलतानाची नाडी पाहतो. आणि मेल्यावर? ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली.

११/
ओर्ताची हाडे जळाल्यानंतर तीन वर्षांनी, १५८३ मध्ये, अहमदनगरच्या आग्नेयेला एक महाल पुरा झाला. फराहबख्श, फराहबाग, लोकांच्या तोंडी 'फर्‍याबाग'.

बांधकाम एकाहून अधिक अमीरांच्या हातून गेले आणि शेवटी सलाबतखानाच्या देखरेखीखाली तडीस गेले. (हाच तो सलाबतखान, ज्याच्या डोंगरावरील थडग्याला सारा जिल्हा 'चांदबीबीचा महाल' म्हणतो. चांदबीबीचा त्याच्याशी संबंध नाही. सहलीला जाणाऱ्या शाळांना हे कुणी सांगत नाही.) सुलतान होता मुर्तझा, बुऱ्हाणचा नातू. तरुणपणी त्याने पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला होता, १५७०-७१ मध्ये, तो फसला. पुढे तो माणसांपासून दूर, बंद दाराआड राहू लागला. लोक त्याला 'दिवाना' म्हणू लागले. १५८८ मध्ये त्याच्या मुलानेच त्याला ठार केले.

१२/
महालाची रचना अशी : अष्टकोनी, दुमजली. मधोमध दोन्ही मजल्यांची उंची व्यापणारा घुमटाकार दिवाणखाना. बाहेरच्या बाजूंना उंच, खोल कमानी. आणि भोवती चहूकडून पाणी. तलावाच्या मध्यभागी महाल, आत जायला एक बांधीव वाट. त्यापलीकडे बाग.

ही कल्पना मुर्तझाच्या पदरी अचानक आली नव्हती. शहराच्या दुसऱ्या अंगाला पहिल्या निजामशाहांच्या काळातील हश्त बिहिश्त बागेतही अष्टकोनी तलावात अष्टकोनी महाल आहे. नावाचा अर्थ 'आठ स्वर्ग'. इराणी बागेची आखणी, दख्खनचा काळा दगड आणि चुना, आणि डोंगरउताराचे पाणी या तिहींतून घडलेली ही एक स्थानिक परंपरा आहे. अल्हम्ब्राशी तिचे सख्खे नाते नाही, चुलत आहे. दोन्हीकडचा प्रश्न मात्र एकच होता : कोरड्या मुलखात सावली, वारा आणि पाण्याचा आवाज एका छताखाली कसा आणायचा?

१३/
आता समाजमाध्यमांवरील एक लाडकी थाप मोडतो : "शहाजहानने फराहबाग पाहिली आणि त्यावरून ताजमहाल सुचला." कुठल्या समकालीन साधनात? सांगणारा गप्प. ताजमहालाची वंशावळ हुमायूनच्या कबरीपासून आणि तैमूरी परंपरेपासून नीट दाखवता येते. त्यासाठी नगरला यावे लागत नाही.

ही थाप पसरवणारे बहुधा फराहबागेचे हितचिंतकच असतात, म्हणून ती जास्त खुपते. फराहबागेला मोठे करण्यासाठी ताजमहाल लागतो, असे ज्याला वाटते त्याने फराहबाग पाहिलेलीच नाही. निजामशाही वास्तुकलेवर पुष्कर सोहोनी यांचे स्वतंत्र पुस्तक २०१८ मध्ये आले आहे. ते वाचायला वेळ नाही, पण ताजमहालाची कहाणी पुढे ढकलायला एक बोट पुरते.

१४/
आणि पाणी? नगरच्या आसपासच्या उंचवट्यांवरून, कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा गावांकडून, जमिनीखालून खापरी नळ आणले होते. भाजलेल्या मातीच्या नळ्या एकात एक बसवून चुन्याने सांधायच्या, ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवायचे म्हणजे हवा कोंडत नाही आणि गाळ काढता येतो, आणि सगळा प्रवास उतारावर तोलायचा. शहर, किल्ला, बागा, हौद या जाळ्यावर जगत.

दार्रो नदीवरचा पाट उघडा होता, नगरचा नळ झाकलेला. आपल्याकडच्या उन्हात पाणी झाकूनच न्यावे लागते, एवढाच काय तो फरक. ग्रानाडाचा पाट जगाने डोक्यावर घेतला. नगरचा खापरी नळ रस्त्याच्या खोदकामात फुटतो, जेसीबीचा चालक तुकडे बाजूला टाकतो, आणि दुपारपर्यंत खड्डा बुजतो.

१५/
"ते सुलतानांचे झाले. मराठ्यांचे बोला."

बोलू. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने पुण्यात आणले. उच्छ्वास आहेत, गाळ बसायला टाक्या आहेत, शहरात ठिकठिकाणी हौद आहेत. शनिवारवाड्यातील सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे ज्या पाणीव्यवस्थेच्या बळावर उडाले, ती हीच. दख्खनमध्ये निजामशाहीत रुजलेली, मलिक अंबरने औरंगाबादेत नहरींच्या रूपाने वाढवलेली विद्या पेशव्यांच्या पुण्यात पोहोचली. कारागिरांनी धनी बदलला, हत्यार नाही.

आणि याच नानासाहेबांनी १७५५ मध्ये त्र्यंबकेश्वराच्या आजच्या देवळाचे काम सुरू केले. ते १७८६ मध्ये पुरे झाले. तोवर नानासाहेब जाऊन पंचवीस वर्षे लोटली होती. ज्या माणसाने काळ्या पाषाणाचे हे शिखर उभारायला घेतले, त्याला सुलतानांच्या नळाचे वावडे नव्हते. ते आपल्याला आहे.

१६/
थोडे आडवाटेने. नाशिक-धुळे भागात, पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर, फड पद्धतीचे सिंचन शतकानुशतके चालले. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, आणि पाणी वाटायला गावानेच नेमलेला पाटकरी. कुणी किती वेळ पाणी घ्यायचे हे ठरलेले; चोरी झाली तर निवाडा गावाचा.

स्पेनच्या व्हालेन्सियात मूरांच्या काळापासूनच्या पाटांवर असेच चालते. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता चर्चच्या दाराशी शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय बसते, तोंडी निवाडे देते. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेचा अमूर्त वारसा म्हटले. आपल्या पाटकऱ्याला काय म्हटले? काही नाही. धरणे झाली, वरचे पाणी अडले, आणि बरेच फड कोरडे पडले.

१७/
मूळ मुद्द्यावर येतो. फराहबाग आज उभी आहे, संरक्षित आहे, आणि तरीही मेलेली आहे. कारण तलाव कोरडा. भोवती गवत आणि काटेरी झुडपे. पाण्याशिवाय फराहबाग म्हणजे नुसती भिंत. तिचे प्रमाण, तिची उंची, तिच्या कमानींची खोली हे सारे प्रतिबिंबासह योजलेले आहे. अर्धी इमारत पाण्यात होती आणि ती अर्धी आपण गमावली. शेजारीच रणगाड्यांचे संग्रहालय आहे, तिथे रांगा लागतात. रणगाड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण रांगेतला माणूस उजवीडावीकडे पाहत नाही, याबद्दल आहे.

आणि सायंकाळी? आपल्याकडील बहुतेक संरक्षित स्मारकांची दारे सूर्यास्ताला बंद होतात. जी वास्तू मुळात संध्याकाळच्या वाऱ्यासाठी बांधली, ती पाहायची दुपारच्या उन्हात.

१८/
अशा वेळी एक ठरावीक उपाय सुचवला जातो : "प्रकाशयोजना करा!" भिंतींवर जांभळे-हिरवे झोत, लेसरने काढलेला घोडा, ध्वनिक्षेपकातून गर्जना. हा उपाय मला रोगाहून वाईट वाटतो. अल्हम्ब्राच्या रात्रीत दिवे कमी आहेत म्हणून पाणी दिसते. आपण दिवे इतके लावतो की वास्तू दिसत नाही, फक्त वीजबिल दिसते.

१९/
हे सारे त्र्यंबकेश्वराशी का जोडतो आहे? कारण तिथे पुढचा अंक सुरू झाला आहे. सिंहस्थ २०२६-२७ चा आहे. पैसा येणार, कामे निघणार, आणि 'सुशोभीकरण' हा शब्द प्रत्येक फायलीत असणार.

त्र्यंबकची मूळ मांडणी पाहा. ब्रह्मगिरीचा कडा पाऊस झेलतो. गंगाद्वाराशी झरा ठिबकतो. पायथ्याशी गंगासागर तलाव. गावात कुशावर्त : होळकरांचे फडणवीस पारनेरकर यांनी अठराव्या शतकात दगडात बांधून काढलेले चौरस कुंड, चहूबाजूंनी ओवऱ्या, उतरत्या पायऱ्या. डोंगर, झरा, तलाव, कुंड, नदी. गोदावरी कड्यावर लुप्त होते आणि कुशावर्तात पुन्हा प्रकटते, ही श्रद्धा आहे. पण काळ्या दगडाच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याचे त्या श्रद्धेत जे निरीक्षण आहे, ते कुठल्याही भूगर्भतज्ज्ञाला ओळखू येईल.

२०/
आता पायाखाली पाहा. गावातून वाहणाऱ्या गोदावरीचे पात्र काँक्रीटच्या स्लॅबखाली झाकले गेले. लोक नदीवरून चालतात आणि त्यांना ठाऊक नसते. प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. खाली नाशिकला रामकुंडाच्या परिसरातील जुनी कुंडे मागच्या सिंहस्थांच्या निमित्ताने काँक्रीटखाली गेली, तळाचे झरे बुजले, आणि त्यातला काही भाग पुन्हा फोडून मोकळा करण्याची वेळ आली.

हे कुठल्या सुलतानाने केले नाही. ते आपण केले, देवाच्या नावाने, निविदा काढून.

२१/
इथे दोन्ही गटांशी भांडण आहे माझे.

पहिला गट म्हणतो, "फराहबाग आमची नाही, कुशावर्त आमचे." मग कुशावर्ताच्या पुढची नदी स्लॅबखाली जाताना तुम्ही कुठे होतात? मालकी सांगायला आलात, राखणीला नाही. दुसरा गट निजामशाहीच्या बागांवर हळवे होऊन लिहितो, अत्तर आणि बुद्धिबळाच्या गोष्टी सांगतो, आणि त्र्यंबकचे नाव काढले की "तो धार्मिक विषय" म्हणून हात झटकतो. तुम्हाला सुलतानाचा हौद कळतो, पण ज्या कुंडावर आजही हजारो माणसे रोज उतरतात ते पाणीव्यवस्थापनाचे जिवंत उदाहरण तुमच्या वारशात बसत नाही.

दोघांनीही इतिहासाची धर्मवार वाटणी करून घेतली, आणि वाटणीत पाणी कुणाच्याच वाट्याला आले नाही.

२२/
"पैसा कुठून आणायचा?" फराहबागेच्या तलावात पावसाचे पाणी टिकेल एवढी दुरुस्ती, आणि महिन्यातून एक पौर्णिमेची संध्याकाळ, मोजक्या लोकांना, कंदिलाएवढ्या उजेडात. याला लेसरच्या घोड्याहून कमी खर्च येईल, असे मी पैजेवर सांगतो. त्र्यंबकला त्याहून कमी : झाकलेली नदी कुठून कुठे जाते हे दाखवणारा एक नकाशा कुशावर्ताशी, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत. नदी उघडी करणे हे पुढचे, मोठे आणि कटकटीचे काम आहे. दुकाने हलतील, माणसे चिडतील. तोर्रेस बाल्बासने घुमट उतरवला तेव्हाही चिडलीच होती.

२३/
धागा वाचणाऱ्यांत बरेच जण विशीतले आहेत, गडांवर जाणारे आहेत, हे ठाऊक आहे. तुम्हाला एक काम सांगतो. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. या वर्षी जाल तेव्हा फेरी पुरी करून गावात परत या, कुशावर्तापासून खालच्या बाजूला चालू लागा आणि नदी शोधा. कुठे ती दिसते, कुठे नाहीशी होते, कुठे नुसता आवाज येतो, कुठे वास येतो, ते वहीत टिपा. छायाचित्रे काढा, वेळ लिहा. फराहबागेला गेलात तर कोरड्या तलावाच्या तळाशी उतरून महालाकडे वर पाहा. पाण्याची जुनी पातळी कुठवर होती याच्या खुणा सापडतात का ते बघा. जमेल त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना खापरी नळाबद्दल विचारा.

२४/
टिपणे या धाग्याखाली टाका. पुढचा धागा कात्रजच्या नळावर आहे. त्यात ग्रानाडा नसेल, पण नाशिकच्या कुणाकडे जुन्या वाड्यातील हौदाचे किंवा नळाचे छायाचित्र असेल, तर ते मला हवे आहे. अंधुक असले तरी चालेल.